अकरा सेकंद

४ फेब्रुवारी

ठकू,

सात वेळा फोन केला. सातव्या वेळी तू तो कट केलास, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे एवढं कळलं. म्हणून आता कागद. कागद कट करता येत नाही, फार तर फाडता येतो, आणि फाडायच्या आधी तू तो वाचशील याची मला खात्री आहे. माझ्या कपाटातली वही शोधून शोधून वाचणारी पोर तू, स्वतःच्या नावाचं पाकीट कुठली सोडतेस!

मुद्दा तोच आहे. बारा मार्चला खारूला दुसऱ्या इंजेक्शनसाठी आमच्या सेंटरमध्ये आणू नकोस.

मागच्या रविवारी हेच फोनवर बोलले तर तू म्हणालीस, "पहिल्या वेळी तूच बोलावलंस. आता तूच नको म्हणतेस. माझ्या पोरीचं जरा कुठे बरं होतंय, तर तुझ्या का पोटात दुखतंय?" जगाला हातपाय हलवायला शिकवणारी मी, स्वतः बोलायची वेळ आली की जबडा आखडतो.

तर कारणं लिहून देते. ऑगस्टमध्ये तिच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली, त्यातल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, वेगळ्या केल्या आणि त्याच दिवशी पाठीच्या मणक्यातून आत सोडल्या. त्यानंतर पाच दिवस ती तापाने फणफणली होती. मान उचलली की उलटी. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन एका जागी बसून होतीस, पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाहीस. आमच्या फाइलमध्ये त्या पाच दिवसांना "किरकोळ त्रास" म्हणतात. दुसरं, सहा वर्षांची पोर, वजन चौदा किलो, आणि एकाच दिवसात दोनदा भूल. तिसरं, वर्षभर थांबलं तर काही पळून जात नाही. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला त्याला सहा वर्षं झाली. त्यात आणखी एक.

ही तिन्ही कारणं खरी आहेत.

तिचा व्हिडिओ अजून आमच्या वेटिंग रूमच्या टीव्हीवर फिरतोय. पिवळा फ्रॉक, अकरा सेकंद, बिनआधाराची उभी. आमच्याकडची नटीच झालीय ती. काल एका आईने तो चार वेळा बघितला आणि मला म्हणाली, "ही तुमची भाची ना? आमचाही असा उभा राहील का हो?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा, आणि गाद्या पुसायला आत गेले. गाद्या सकाळीच पुसून झाल्या होत्या.

वाच आणि फोन कर.

ताई

१२ फेब्रुवारी

ठकू,

मेहुण्यांच्या हाती पाठवलेला निरोप मिळाला. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरी आल्यावरही वरखाली करायला लावतेस, बरं दिसत नाही ते. बिचारे फोनवर इतके अवघडून बोलत होते की मीच म्हटलं, जसंच्या तसं सांगा, मी रागावणार नाही. तेव्हा म्हणाले, "ती म्हणतेय, ताप मी काढला, ताईने नाही. कारणं तुझी तुझ्याकडे ठेव."

बरोबर आहे. ताप तूच काढलास.

आता थोडं आतलं सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायला मलाही हल्लीच कळलंय.

बावीस वर्षं मी साध्या फिजिओथेरपी केंद्रात काढली. चेंडू, शिड्या, पट्टे, रडारड. तिथे आया मला बघून हसायच्या त्या सभ्यपणा म्हणून. दोन वर्षांपूर्वी या स्टेम सेल सेंटरमध्ये आले आणि इथल्या आया खरंच हसताना बघितल्या. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. म्हणून तुला बोलावलं. अगदी मनापासून बोलावलं, यावर मात्र शंका घेऊ नकोस.

आमची मोजायची पद्धत बघ. मूल ज्या दिवशी येतं त्याच दिवशी पहिलं मोजमाप. खारू आठ तास गाडीत बसून आली होती. भुकेली, किरकिरी, खोली परकी, मावशी परकी, पाय उघडे आणि फरशी गार. मी तिला बाकाला टेकवून उभं केलं, हात सोडला, घड्याळ दाबलं. चार सेकंद. मग इंजेक्शन, मग ताप, आणि मग उरलेले दिवस सकाळ-संध्याकाळ व्यायाम, तोही माझ्या हातून. तुझ्याकडे एवढा व्यायाम तिला कोण देणार? तुला अंघोळीला वेळ मिळत नाही. शेवटच्या दिवशी दुसरं मोजमाप. सकाळची वेळ, झोप झालेली, नाश्ता झालेला, गालात साठवलेला शेवटचा घासही गिळलेला, पायात घोटा सरळ धरणारे नवे स्प्लिंट, खाली गादी, आणि माझा आवाज एव्हाना घरचा झालेला.

आता फरक दिसला, तर तो कशाचा? पेशींचा, व्यायामाचा, स्प्लिंटचा, की नाश्त्याचा? कागदावर आम्ही लिहितो, पेशींचा. कुणी मुद्दाम फसवत नाही गं. डॉक्टर भले आहेत, मुलांशी खाली बसून बोलतात. आम्ही फक्त तसं मोजतो, आणि मोजल्यावर आलेला आकडा आम्हाला फार आवडतो.

कुणालाच फायदा होत नसेल असं मी म्हणत नाही. होतो की नाही हे कळायची सोय आमच्याकडे नाही, एवढंच. जिथे नीट पारख करतात तिथे इंजेक्शन मिळालेली मुलं आणि न मिळालेली मुलं दोन्ही बघतात, आणि मोजणाऱ्याला माहीत नसतं की समोरचं मूल यातलं कुठलं. आमच्याकडे मोजणारी मी, आणि मुलगी माझी भाची.

एवढ्याने तरी तुझं मन वळेल असं वाटतंय. वळलं तर फोनवर काही बोलू नकोस, नुसती रिंग दे. मी समजेन.

ताई

२१ फेब्रुवारी

ठकू,

रिंग नाही आली, पत्र आलं. पत्र कसलं, खारूच्या चित्रकलेच्या वहीतलं पाठकोरं पान. मागे तिने मारलेल्या निळ्या रेघोट्या आहेत. त्या तुझ्या अक्षरापेक्षा नीट लागतात.

तू लिहितेस, "सगळं मान्य. नाश्त्याने सात सेकंद वाढत असतील तर मी तिला दिवसातून सहा वेळा नाश्ता देते. पण अकरा सेकंद माझी मुलगी उभी राहिली. पेशींनी राहू दे नाहीतर कशानेही. इथे घरी आल्यावर पाच महिन्यांत तेही गेलं, कारण इंजेक्शनचा असर उतरला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यासाठीच दुसरं द्यायचं. आम्ही येतोय."

वाचून आधी हसले, तुझ्या नाश्त्याला. मग पुढचं वाचलं. घरी आल्यावर तेही गेलं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे तू पाच महिने रोज तिला भिंतीपाशी उभं करून अकराची वाट बघतेयस, आणि रोज चारावर ती खाली बसतेय, आणि तुला वाटतंय काहीतरी हातचं निसटलं.

ते निसटलेलं नाही. ते कधी नव्हतंच. अकरा सेकंद ती उभी नव्हती, ठकू.

माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट तिच्या फ्रॉकच्या पट्ट्यात होतं. मागून, कमरेपाशी, नुसतं अडकवलेलं. व्हिडिओ समोरून काढलेला, म्हणून दिसत नाही.

आधी सांगते की ते मुद्दाम नव्हतं. आमच्या कामात मुलाला सोडायचं म्हणजे फक्त दिसायला सोडायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक मुलगी पडली होती, हनुवटीला तीन टाके. तेव्हापासून माझा एक हात आपोआप मुलांच्या पाठीशी जातो. चहा पिताना शेजारच्या टेबलावरच्या पोराच्या पाठीशीसुद्धा गेलाय. पहिल्या दिवशी खारू नुसत्या चड्डी-बनियनवर होती, धरायला पट्टाच नव्हता. शेवटच्या दिवशी तू तिला व्हिडिओसाठी नटवलंस, पट्ट्याचा फ्रॉक घातलास, आणि माझं बोट गेलं.

आता मुद्दाम जे होतं ते सांगते. चार-साडेचार सेकंदांनी माझ्या बोटाला वजन लागलं. म्हणजे ती बसायला निघाली होती आणि माझ्या बोटावर थांबली. त्या क्षणी घड्याळ बंद करायचं असतं. हे मला झोपेतही कळतं. मी मान वर केली, आणि बाजूच्या दारात तू उभी होतीस. ओढणीचं टोक तोंडात धरून. मग तू ती सोडलीस आणि हसलीस. मोठ्याने, शाळेत असताना हसायचीस तशी. सहा वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. मी घड्याळ चालू ठेवलं. सात, आठ, नऊ. बोट दुखायला लागलं तेव्हा दाबलं.

"आधाराशिवाय" असं छापलेल्या रकान्यात अकरा लिहिताना मी पेन एकदाही उचललं नाही. हे सगळ्यात वाईट. मी स्वतःला म्हटलं, एक बोट म्हणजे काही आधार नव्हे. आणि दुसरंही एक होतं, तेही लिहूनच टाकते. तुला मी बोलावलं होतं. आठ तासांचा प्रवास, तो ताप, त्या उलट्या, हे सगळं माझ्या शब्दावर. चाराचे चारच राहिले असते तर मी तुला काय तोंड दाखवलं असतं? मी माझी अब्रू वाचवली, आणि ती तुझ्या पोरीच्या पाठीवर वाचवली.

आता मला शिव्या घाल. मोठी आहे म्हणून राहू दे असं करू नकोस.

पण तिला आणू नकोस.

ताई

३ मार्च

ठकू,

दहा दिवस झाले, तुझ्याकडून काही नाही. मेहुण्यांना फोन केला. म्हणाले, "पत्र वाचलं तिने. घडी घालून ठेवलंय. बोलत नाहीये, पण जेवतेय." जेवतेयस हे ऐकून जीव जरा खाली पडला. बॅग भरलीय का, असंही विचारलं. त्यावर ते म्हणाले, "ताई, मला नका मध्ये घेऊ." तेही खरंच.

इकडचं सांगते. मी डॉक्टरांकडे गेले. तो व्हिडिओ काढा, म्हटलं, त्यात माझं बोट आहे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. पट्ट्याला बोट लागलं म्हणजे काही तुम्ही तिला उचललं नव्हतं. आणि बाहेर बसलेल्या आयांना थोडा धीर मिळतो, त्यात कुणाचं काय बिघडतं?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं बिघडतंय."

त्यांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, "बघू." हे "बघू" तुला माहीतच आहे, बाबांचंही असंच असायचं. सहलीला जायचं का, बघू.

म्हणून मी मला जमण्यासारखं केलं. खारूची फाइल काढली, अकरावर एक रेघ मारली, खोडलं नाही, नुसती रेघ, म्हणजे खालचं वाचता येईल. शेजारी लिहिलं, "बोटाचा आधार होता. आधाराशिवाय चार ते साडेचार." खाली सही, तारीख. दुपारपर्यंत ते डॉक्टरांच्या टेबलावर पोचलं असणार, कारण संध्याकाळी मला सांगण्यात आलं की यापुढे मोजमाप धाकट्या मॅडम करतील, मी फक्त व्यायाम घ्यायचे. धाकट्या मॅडम पंचविशीच्या आहेत, गुणी आहेत, आणि त्यांचाही एक हात मुलांच्या पाठीशी असतो. मी बघितलंय.

टीव्ही अजून चालू आहे. आज मी वेटिंग रूममध्ये त्या चार वेळा बघणाऱ्या आईशेजारी जाऊन बसले आणि तिला हळूच सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिच्या मुलाला ढकललंय. ती उठून दुसऱ्या खुर्चीवर गेली. मला राग नाही आला तिचा.

बारा तारखेला तू आलीस तरी मी असेन. दार अडवून उभी राहणार नाही. तू आई आहेस, मी मावशी आहे, एवढं मला कळतं. आणलंस तर ताप आल्यावर रात्रंदिवस तुझ्यासोबत बसेन. पण एकदा शेवटचं म्हणते, आणू नकोस.

ताई

१३ मार्च

ठकू,

काल जे झालं ते तुझ्या डोळ्यांसमोरच झालं, तरी लिहितेय. माझ्या बाजूने कसं होतं ते सांगायचं राहिलं, आणि समोर असलीस की माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

सकाळी साडेनऊला तुम्ही तिघं जिना चढून आलात. मेहुण्यांच्या हातात मोठी बॅग होती. मला वाटलं, संपलं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. थेट धाकट्या मॅडमना म्हणालीस, "इंजेक्शनच्या आधी मोजतात ना? मोजायचं आहे. पण ताई मोजेल." त्या म्हणाल्या, तसं चालणार नाही, डॉक्टरांना विचारावं लागेल. तू म्हणालीस, "विचारा. आम्ही तोवर आत आहोत."

आणि आत आल्यावर तू बॅगेतून एकेक काढायला लागलीस, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. स्प्लिंट. नाश्त्याचा रिकामा डबा, मला दाखवायला. "कालच येऊन राहिलोय," म्हणालीस, "प्रवासाचा शीण नाही. रात्री नऊला झोपली, सातला उठली. आता सकाळ आहे. गादी घाल." मी गादी घातली. खारूने मला ओळखलं, माझा चष्मा ओढला. मग तू तिच्या फ्रॉकचा पट्टा सोडून बॅगेत टाकलास आणि म्हणालीस, "हात मागे घे."

ठकू, त्या तीन टाक्यांनंतरच्या तेवीस वर्षांत मी हे कधी केलेलं नाही. मेहुणे पुढे गुडघ्यांवर बसले होते, खाली जाड गादी होती, पडली असती तरी काही होणार नव्हतं, सगळं मला कळत होतं. तरी मी पाठीमागे माझाच एक हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता, इतका घट्ट की आज मनगटावर वळ आहे. घड्याळ तू घेतलंस.

ती उभी राहिली. जीभ बाहेर काढून, सगळं लक्ष लावून. गुडघा थरथरला, आणि ती गेली. गादीवर बुड आपटलं. आधी तिला कळेना की काय झालं, कारण तिला आजवर कुणी पडूच दिलेलं नव्हतं. मग ती खिदळली. मेहुण्यांना हाताने खुणावलं, परत. आपण परत केलं. मग आणखी एकदा. तू आकडे तळहातावर लिहिलेस. साडेचार, चार, पाच.

तुझ्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत मला तिसऱ्या वेळेनंतर झाली. मला वाटलं होतं तू कोसळशील. तू तळहात बघत होतीस, शाळेत प्रगतीपुस्तक बघायचीस तशी, मार्क कितीही वाईट असले तरी शेवटपर्यंत वाचून काढायचं.

डॉक्टर आले ते हसतच आले. "झालं मोजून? चला, भूलतज्ज्ञ आलेत. पाळी आपलीच आहे."

तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "नको डॉक्टर. आम्ही फक्त मोजायला आलो होतो."

मी बाकावर बसले. डॉक्टर काय म्हणाले, तू काय उत्तर दिलंस, मला नीट आठवत नाही. ते समजावत होते आणि तू मान हलवत होतीस, एवढंच दिसत होतं. तुझ्या लेकीच्या पाठीत सुई जाणार नाही, हे एकच डोक्यात फिरत होतं, आणि मला रडू येत होतं, आणि खारू माझा चष्मा चावत होती.

मग बाहेर, बुटांच्या रॅकपाशी. मेहुणे तिला घेऊन खाली गेले होते. तू वाकून चपलेचा बंद लावत होतीस. मी म्हटलं, "ठकू, मी तुला फसवलं. मला माफ कर." तू वर न बघता म्हणालीस, "फसवलं कसलं? दारातून सगळं दिसत होतं. बोट मला तेव्हाच दिसलं होतं."

मी विचारलं, "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू काढून घेशील म्हणून," तू म्हणालीस, आणि दुसऱ्या चपलेचा बंद लावायला लागलीस.

रविवारी सकाळच्या गाडीने येते.

ताई